वीस रुपयांचं घरभाडं

मुंबईतल्या नव्या इमारतींत निम्मी घरं मराठी माणसासाठी राखून ठेवावीत, ही मागणी विलेपार्ल्यातून निघाली, २०२४ मध्ये अशासकीय विधेयक होऊन विधान परिषदेच्या दारापर्यंत गेली, आणि तेव्हापासून या विषयावर जे काही बोललं जातंय त्यात घराची किंमत सोडून सगळं आहे. मासे खाणाऱ्याला घर नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत आणि त्यांना कायद्यानं सरळ करायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण दोन कोटींच्या फ्लॅटवर आरक्षण मिळालं म्हणून महिना चाळीस हजार कमावणारा मराठी माणूस तो घेणार कसा? त्याच्या शेजारच्या टेबलावरचा चाळीस हजारवाला गुजराती किंवा बिहारी तरी कुठे घेऊ शकतो? संध्याकाळी दोघंही एकाच गाडीला लटकून डोंबिवलीच्या पुढे उतरतात. विरोधकांचा युक्तिवाद तर याहून पोकळ. 'बाजार ठरवेल' असं ते म्हणतात. पण कुठल्या जमिनीवर काय बांधायचं, किती मजले चढवायचे, त्यासाठी किती पैसे भरायचे, मुद्रांक शुल्क कुठल्या दरानं लावायचं, हे सगळं मंत्रालयात आणि महापालिकेत ठरतं. मुंबईच्या जमिनीइतका सरकारी बाजार दुसरा कुठला आहे?

माझं म्हणणं असं की घरांच्या किमती आणि पगार हे एकाच हिशेबाचे दोन रकाने आहेत आणि सरकारनं ते दोन वेगळ्या खात्यांत वाटून टाकलेत. गृहनिर्माण आणि नगरविकास खातं जमीन महाग राहील अशा बेतानं चालतं, कारण राज्याच्या आणि पालिकेच्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्यावर उभा आहे. कामगार खातं किमान वेतन ठरवताना घर जवळपास फुकट मिळतं असं धरून चालतं. या दोन गृहीतकांच्या मधल्या फटीत मुंबईचा कामगार राहतो. ही फट बुजवल्याशिवाय नुसती घरं वाढवून किंवा नुसते पगार वाढवून फारसं काही हाती लागणार नाही.

आधी पगाराचा रकाना घेतो, कारण घरांच्या चर्चेत त्याच्याकडे कुणी बघत नाही. महाराष्ट्रात कामगारांना किमान घरभाडे भत्ता देण्याचा कायदा आहे, हे किती जणांना माहीत असेल? १९८३ चा आहे. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेनं वेतनाच्या पाच टक्के किंवा महिना वीस रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती द्यायची. वीस रुपयांत आज चर्चगेटहून विरारला जाऊन परतही येता येत नाही. पाच टक्क्यांचं बघू. दुकानं आणि आस्थापनांतल्या अकुशल कामगाराचं मुंबईतलं किमान वेतन गेली काही वर्षं तेरा हजारांच्या आगेमागे आहे. त्याचे पाच टक्के म्हणजे साडेसहाशे रुपये. नालासोपाऱ्याच्या आतल्या बाजूला, पाणी एक दिवसाआड येणाऱ्या इमारतीतला वन आरकेसुद्धा याच्या आठ-दहापट भाडं मागतो. वर डिपॉझिट, दलालाचा एक महिना आणि दर अकरा महिन्यांनी पुन्हा तोच पोलीस पडताळणीचा आणि नोंदणीचा खर्च.

सरकारचं स्वतःच्या माणसांबद्दलचं मत मात्र निराळं आहे. सातव्या वेतन आयोगानं मुंबईसारख्या शहरातल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला मूळ वेतनाच्या २४ टक्के घरभाडे भत्ता ठरवला आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की तो ३० टक्के करायचं ठरलं. तसा तो झालाही. म्हणजे मुंबईत डोक्यावर छप्पर हवं असेल तर पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो, हे सरकारी कागदोपत्री मान्य आहे. फक्त त्याच सरकारी कार्यालयाच्या दारात कंत्राटदारामार्फत उभ्या असलेल्या रखवालदाराला ते लागू नाही.

हे असं का झालं, याचं उत्तर १९५७ मध्ये सापडतं. त्या वर्षीच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतन कसं काढायचं याचे निकष घालून दिले. प्रौढ माणसाला २७०० कॅलरी, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, आणि घरभाड्यापोटी सरकारी औद्योगिक गृहनिर्माण योजनेतलं किमान भाडं. हा शेवटचा निकष नीट वाचा. कामगाराला सरकारनं बांधलेलं भाड्याचं घर मिळणार, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. तेव्हा ते अगदीच हवेतलं नव्हतं. विक्रोळीचं कन्नमवार नगर, कुर्ल्याचं नेहरू नगर, चेंबूरचं टिळक नगर अशा वसाहती त्या काळात गृहनिर्माण मंडळानं उभ्या केल्या. पुढे तिथली घरं राहणाऱ्यांच्या मालकीची झाली, आता त्यांच्या जागी टॉवर येताहेत, आणि नवं कन्नमवार नगर कुणी बांधलं नाही. घर गेलं, पण वेतनाच्या सूत्रातलं ते स्वस्त भाडं तसंच राहिलं. २०१९ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीनं राष्ट्रीय किमान वेतन दिवसाला ३७५ रुपये सुचवलं आणि शहरी कामगाराच्या घरासाठी वेगळे महिना १४३० रुपये. वेतन संहितेच्या केंद्रीय नियमांच्या मसुद्यात तर अन्न आणि कपड्यांच्या खर्चाच्या दहा टक्के म्हणजे घरभाडं, असं सरळ लिहून टाकलं. धारावीत पोटमाळ्यावर राहणारा माणूसही या हिशेबाला हसेल.

आता यावरचा सगळ्यात दमदार प्रतिवाद. तो असा की घर महाग आहे कारण घरं कमी आहेत, आणि घरं कमी आहेत कारण सरकारनं ती बांधू दिली नाहीत. यात बरंच तथ्य आहे आणि डावीकडच्या मंडळींनी ते कधीच मनापासून मान्य केलेलं नाही. तीन बाजूंनी पाणी असलेल्या शहरात १९६४ पासून चटई क्षेत्रावर, म्हणजे भूखंडाच्या मानानं किती बांधायचं यावर (एफएसआय), लगाम घालायचा, १९९१ च्या नियमावलीत मूळ मुंबई बेटावर १.३३ आणि उपनगरांत १ असा निर्देशांक ठेवायचा, आणि मग जमिनीला सोन्याचा भाव आला म्हणून बिल्डरच्या नावानं बोटं मोडायची, हा प्रकार आपण वर्षानुवर्षं केला. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा गरिबांच्या घरांसाठी आणला. मुंबईत ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली. प्रत्यक्षात जमीन फारशी ताब्यात आली नाही, उरलेली वर्षानुवर्षं अडकून पडली, आणि सूट देण्याच्या कलमाचा धंदा कसा झाला हे जुन्या पत्रकारांना विचारा.

पण हा युक्तिवाद इथेच थांबतो आणि तिथेच तो चुकतो. महाराष्ट्रानं तो कायदा नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केला. जमीन मोकळी होईल, घरं स्वस्त होतील, असं तेव्हा सांगितलं गेलं. झाली? २०२१ मध्ये बांधकामावरचे प्रीमियम, म्हणजे परवानगीसाठी सरकारला आणि पालिकेला भरायचे पैसे, वर्षभरासाठी निम्म्यानं कमी केले. बिल्डरांची पालिकेत रांग लागली, प्रस्तावांचा पाऊस पडला, घरं काही स्वस्त झाली नाहीत. आणि होतील तरी का? वर्षभराची सवलत म्हणजे दिवाळीचा सेल. दुकानदार त्यात माल भरून घेतो, पुढच्या वर्षीचे भाव उतरवत नाही. सवलत कायमची दिली तर बिल्डर जमिनीसाठी तेवढे जास्त पैसे मोजायला तयार होतो आणि फायदा जमीनमालकाच्या खिशात जातो. तरीही जास्त घरं बांधली जाणं चांगलंच. माझं म्हणणं इतकंच की 'नियम काढा, भाव उतरेल' हे वाक्य बिल्डर आणि जमीनमालक या मधल्या माणसांना वगळून बोललेलं आहे.

शिवाय नियम 'काढण्यात' सरकारला रसच नाही, कारण नियमाच्या वरची सूट विकता येते. मुंबईतल्या या व्यवहाराचं मर्म एवढंच: मूळ चटई क्षेत्र आखडतं ठेवायचं आणि त्याच्यावरचं प्रीमियम घेऊन द्यायचं. फंजिबल नावाचं जादा क्षेत्र आहे, प्रीमियम एफएसआय आहे, मोकळी जागा कमी सोडली तर त्याचे पैसे, जिन्याचे पैसे, लिफ्टच्या जागेचे पैसे. बांधकाम व्यावसायिक अशी बावीस शुल्कं बोटांवर मोजून दाखवतात. त्यांच्या रडगाण्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण एक प्रश्न मला सुटत नाही. जादा बांधकाम दिलं तर पाणी, गटारं, रस्ते झेपणार नाहीत, म्हणून निर्देशांक कमी ठेवलाय ना? मग पैसे भरल्यावर तीच गटारं कशी काय झेपतात?

हे प्रीमियम ठरतात रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं जाहीर केलेल्या जमिनीच्या, दरावर. मुद्रांक शुल्कालाही तोच आधार. मुंबईत ते सहा टक्के आहे, त्यातला एक टक्का मेट्रोच्या नावानं. म्हणजे दर १ एप्रिलला जो विभाग जमिनीचे दर जाहीर करतो, त्यानं दर वाढवले की सरकारचं उत्पन्न वाढतं आणि उतरवले की अर्थसंकल्पाला भोक पडतं. घरं स्वस्त करण्याचं वचन देणारं सरकार आणि घरं महाग झाल्यावर ज्याची तिजोरी भरते ते सरकार एकच आहे. अशा माणसाला आपण घरात हिशेब लिहायला ठेवू का?

यावर अधिकारी मंडळी सांगतात, आणि ते खोटं नाही, की मेट्रो, सागरी किनारा मार्ग, सांडपाणी प्रकल्प यांना पैसा लागतो. सरकारी खर्चातून जमिनीला भाव आला तर त्यातला वाटा सरकारनं घेणं न्याय्यच आहे. तत्त्व मान्य. जमिनीच्या वाढत्या भावावर कर लावावा, हे डाव्या-उजव्या दोन्ही अर्थशास्त्रज्ञांना मान्य असलेलं दुर्मीळ तत्त्व आहे. पण आपण वाटा घेतो कुणाकडून? नवं घर घेणाऱ्याकडून, तेही एकदम, त्याच्या गृहकर्जातून. ज्याच्या पडीक जमिनीशेजारून मेट्रो गेली आणि जो अजून भाव चढायची वाट बघत बसलाय, त्याला त्या वाढलेल्या भावापोटी काहीच द्यावं लागत नाही. ज्यानं चार फ्लॅट घेऊन कुलूप लावलंय त्याला त्या कुलपाचा म्हणून एक पैसा पडत नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती. देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. त्याच जनगणनेत मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त कुटुंबं झोपडपट्टीत होती. या दोन आकड्यांकडे एकत्र बघितल्यावर 'घरं कमी आहेत' हे वाक्य अर्धंच खरं वाटायला लागतं.

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नाचं उदाहरण इथे मुद्दाम देतो. तिथल्या पालिकेनं १९२३ मध्ये घरांवर चढता कर लावला. लहान घरावर नाममात्र, हवेलीवर जबर. बांधणाऱ्याला ओरबाडायचं नाही, बाळगणाऱ्याकडून घ्यायचं. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरं बांधली आणि पालिका त्यांची मालक राहिली. आजही त्या शहरात निम्म्याच्या आसपास लोक पालिकेच्या किंवा मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांच्या घरांत राहतात. तिथे तेव्हा युद्धानं आणि महागाईनं जमिनीचे भाव कोसळले होते, पालिकेला त्या पडत्या भावात खरेदी करता आली, हे खरं. मुंबईला ती सोय नाही. पण कर कुणावर लावायचा हे ठरवायला भाव कोसळायची वाट बघावी लागत नाही.

भाडेनियंत्रणाचा उल्लेख झाला की आपल्याकडे लोक लगेच दोन गटांत विभागले जातात, त्यामुळे इथे जरा थांबावं लागेल. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि ती जवळजवळ अर्धं शतक गोठलेलीच राहिली. त्यानं चाळींची दुरुस्ती थांबली, भाड्याची नवी घरं बांधली जाणं संपलं, पागडीचा काळा बाजार उभा राहिला, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही हे गोठवणं अवाजवी ठरल्याचं म्हणावं लागलं. हे सगळं कबूल. पण याला समाजवादी खूळ म्हणणाऱ्यांनी त्याचा जन्म बघावा. १९१५ मध्ये ग्लासगोत घरमालकांनी युद्धकाळात भाडी वाढवली, बायकांनी भाडं देणं बंद केलं, दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार संपाच्या गोष्टी करू लागले, आणि ब्रिटिश सरकारनं घाईघाईनं भाडी गोठवली. पगार वाढवून देण्यापेक्षा ते स्वस्त होतं. मुंबईत पहिला भाडे कायदा आला १९१८ मध्ये, आणि १९४७ च्या कायद्यात गोठवण्याचं वर्ष निवडलं १९४०. दोन्ही वर्षं युद्धाची. यात समाजवाद कुठे आहे?

मग त्या स्वस्त भाड्याचा लाभार्थी कोण होता? गिरणगावात दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा रुपयांत राहणारा कामगार, हे उघड उत्तर. पण तो आठ-दहा रुपयांत राहू शकत होता म्हणूनच त्याला गिरणीचा तो पगार पुरत होता. चाळमालकाच्या तोट्यातून गिरणीमालकाच्या पगारपत्रकाला अनुदान जात होतं, असं मी म्हणेन. १९८२ च्या संपात घरभाडे भत्ता ही एक मागणी होती, हे आज कुणाच्या लक्षात नाही. संप मोडला. पुढे १९९१ च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला असा वाटा ठरला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली: वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची. गिरणी म्हणजे शेड्सनी भरलेलं आवार. मोकळी जमीन ती किती असणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुरुस्ती उचलून धरली. यंत्रं जुनाट होती, भिवंडी-मालेगावच्या मागांशी स्पर्धा झेपत नव्हती, हे मला मान्य आहे. पण गिरणी चालवण्यापेक्षा बंद करण्यात जास्त पैसा आहे, ही परिस्थिती यंत्रांनी आणली नाही. ती नियमातल्या एका दुरुस्तीनं पक्की केली. कामगाराचा पगारही गेला आणि घरासाठीची जमीनही, दोन्ही एकाच धोरणात.

त्याच कामगारांच्या वारसांना आता बदलापूरच्याही पलीकडे, शेलू आणि वांगणीला घरं देऊ केली गेली, आणि जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानात निषेधाला जमले तेव्हा बऱ्याच सुशिक्षित लोकांनी नाक मुरडलं. घर मिळतंय ना, मग आणखी काय हवं? याचं उत्तर वरळीत शंभर वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉईडनं १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला, पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला, बांधल्या सोळा हजारांच्या आसपास. आणि कामगारांना घरांची एवढी चणचण असताना वरळीच्या कित्येक चाळी वर्षानुवर्षं रिकाम्या पडून राहिल्या. भाडं गिरणीच्या पगाराला न परवडणारं, आणि जागा गिरण्यांपासून, खानावळीपासून, उधार देणाऱ्या वाण्यापासून लांब. १९३० च्या सत्याग्रहात सरकारनं तिथे तात्पुरता तुरुंग केला; तेव्हा कुठे खोल्या भरल्या. आज त्याच वरळीत पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत आणि तिथल्या जमिनीचा भाव काय आहे ते सांगायला नको. जागा चांगली-वाईट नसते. तिथून कामावर पोचता येतं की नाही, यावर सगळं असतं.

लोअर परळच्या टॉवरमध्ये चार घरची कामं करणाऱ्या बाईचा दिवस बघा. सातला पहिल्या घरची भांडी, नऊला दुसरीकडे पोळ्या, मध्ये दोन तास स्वतःच्या घरी जाऊन मुलाचा डबा आणि नळाचं पाणी, मग उरलेली दोन घरं. ही सगळी जुळणी तिची खोली चालत पंधरा मिनिटांवर आहे म्हणून जमते. तिला वांगणीत फुकट घर दिलं तर सातची वेळ पाळायला पावणेपाचची गाडी पकडावी लागेल, मधले दोन तास फलाटावर काढावे लागतील आणि चारातली दोन घरं सुटतील. तिला घर दिलं की तिचा पगार कापला? दोन्ही. म्हणून पुनर्वसनात लांब पाठवलेली माणसं घर भाड्यानं देऊन पुन्हा जुन्या वस्तीच्या आसपास येतात. त्यांना आपण लबाड म्हणतो.

'पगार वाढवा, घराचं आपोआप होईल' हा तिसरा पंथ. पगार वाढायलाच हवेत. आयटीतल्या नवख्याचं पॅकेज दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतंय, कंत्राटी कामगाराचं तर विचारूच नका. पण जिथे घरांचा पुरवठा आखडलेला आहे तिथे वाढलेला पगार कुठे जातो? अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोनं दोनशे वर्षांपूर्वी शेतजमिनीबद्दल जे सांगितलं, की वाढलेली कमाई शेवटी जमीनमालकाच्या खंडात जाते, ते हिंजवडीच्या आसपासच्या भाड्यांना आजही लागू आहे. कंपन्या आल्या, पगार आले, आणि भाडी पगारांच्या मागोमाग नव्हे तर हातात हात घालून चढली. चाळीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता पावणेपस्तीस हजारांच्या घरात जातो. पगार पाच हजारांनी वाढला की बँक जास्त कर्ज देते, आणि सगळ्यांनाच जास्त कर्ज मिळालं की भाव तेवढ्यानं वर सरकतो. पगारवाढ शेवटी जमीनमालकाच्या हाती पडते.

मग करायचं काय? भाड्याची सरकारी घरं, कामाच्या ठिकाणापासून जवळ, आणि त्यांची मालकी कायम सरकारकडे. आपण गेली पन्नास वर्षं फक्त मालकीचं स्वप्न विकलंय. म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या २०२४ च्या सोडतीत २०३० घरांसाठी १ लाख १३ हजारांवर अर्ज आले. ज्याला लागलं त्याचं भलं झालं, बाकीचे पुढच्या वर्षी पुन्हा अनामत भरणार. २०२३ च्या सोडतीत ताडदेवचं एक घर साडेसात कोटींचं होतं. सरकारी संस्था साडेसात कोटींच्या घरासाठी सोडत काढते हे ऐकून मला तरी हसावं की रडावं कळेना. भाड्याच्या घरांचा एक प्रयत्न झाला होता, २००८ मध्ये, एमएमआरडीएचा, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. खासगी जमिनीवर जादा चटई क्षेत्र द्यायचं आणि बदल्यात १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या खोल्या घ्यायच्या. काही वर्षांतच भाड्याचा भाग गळून पडला आणि घरं वाटपाला लागली. त्यातलीच पनवेलजवळच्या कोनची २४१७ घरं २०१६ मध्ये गिरणी कामगारांना सोडतीत लागली. करोनात ती विलगीकरणासाठी वापरली गेली आणि किल्ल्यांसाठी कामगारांना वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले. भाड्याचं घर सांभाळणं कटकटीचं असतं: भाडं वसूल करा, गळती काढा, पोटभाडेकरू शोधा. सोडत काढून मोकळं होणं सोपं. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणानं २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट ठेवलंय. त्यातली किती घरं सरकार दहा वर्षांनीही भाड्यानं देत असेल, हे त्यातून काढून दाखवावं.

आणि वेतनाच्या बाजूला, किमान वेतन ठरवताना खरं भाडं धरायचं. आकडे नाहीत ही सबब चालणार नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार नोंदवणं सक्तीचं केलं आहे. कुठल्या वॉर्डात किती फुटांची खोली किती रुपयांना जाते, हे मुद्रांक विभागाच्या संगणकात पडलेलं आहे. कामगार खात्यानं ते मागायचं तेवढं बाकी आहे. असं केलं तर उद्योग गुजरातला जातील, ही भीती लगेच घातली जाईल. जे मजुरी वाचवायला जाणार होते ते केव्हाच वापी आणि सिल्वासाला गेले. उरलेल्यांना मुंबईतली भाडी आजही वेगळ्या मार्गानं मोजावी लागतातच: माणसं टिकत नाहीत, दोन तास लटकून आलेला माणूस दुपारी पेंगतो. सिंगापूरनं १९६८ पासून कामगाराच्या भविष्यनिधीतून सरकारी घर घ्यायची सोय केली तेव्हा तिथल्या कारखानदारांनी तक्रार केली नाही. स्वस्त घर म्हणजे त्यांनाच परवडणारा पगार. तिथे सरकारनं जमिनी पडत्या भावात घेतल्या, ते आपल्याला करता येणार नाही आणि करूही नये. पण घर आणि पगार एकाच वहीत लिहायला कुणाची जमीन लागत नाही.

या सगळ्याला खरा विरोध बिल्डरचा नाही, माझ्या-तुमच्यासारख्यांचा आहे. ठाण्यात किंवा कोथरूडला ज्याचा एक फ्लॅट आहे, त्याची आयुष्यभराची बचत त्या फ्लॅटच्या भावात अडकली आहे. मुलाला घर मिळत नाही म्हणून हळहळणारा बाप आणि शेजारच्या सोसायटीत भाव काय निघाला हे कौतुकानं सांगणारा बाप बहुतेक वेळा एकच असतो, आणि तो मतदानाला जातो. भाव कोसळले तर तो उद्ध्वस्त होईल, ही भीती रास्त आहे. पण भाव कोसळायची गरजच नाही. ते दहा वर्षं जागच्या जागी राहिले आणि पगार वर्षाला सात टक्क्यांनी वाढले, तरी घर पगाराच्या मानानं जवळपास निम्म्यावर येतं. मुंबईत साधारण २०१३-१४ नंतर तसं काहीसं होऊ लागलंही होतं. भाव थबकले होते, घरं पडून होती, बिल्डर वाटाघाटीला बसत होते. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारनं ठरवलं की ही मंदी आहे, मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोनवर आणलं, आणि त्या डिसेंबरात एकट्या मुंबईत साडेएकोणीस हजारांच्या आसपास दस्त नोंदले गेले. सगळ्यांनी त्याला सावरणं म्हटलं. पगार वाढवण्यासाठी त्या वर्षी असं काही झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.